कानाला लिपी नसते

जव्हारहून मोखाड्याकडे निघालेली एस.टी. वळणांना लागली की मोबाईलची रेंज जाते. ज्याने आदल्या रात्री काही उतरवून घेतलेले असते त्याचे ऐकणे चालू राहते. बाकीचे खिडकीबाहेर पाहत बसतात किंवा पेंगतात. आम्ही उतरवून घेणाऱ्यांपैकी. गेल्या काही वर्षांत आमचे वाचन घटले आणि ऐकणे वाढले, ही कबुली आधीच देऊन टाकतो. शाळा, वह्या तपासणे, वरून मागवलेली माहिती भरणे आणि घर यांतून पुस्तकाला वेळ मिळतो तो रात्री अकरानंतर, आणि त्या वेळी डोळे साथ देत नाहीत. कान मात्र दिवसभर मोकळे असतात.

या अंकासारख्या अंकांतून कवितासंग्रहांची, कादंबऱ्यांची, आत्मकथनांची समीक्षा दरवर्षी होते. ऐकण्याच्या वाङ्मयाची समीक्षा फारशी कोणी करीत नाही. 'सध्या काय ऐकता?' असे कोणी विचारले तर चार नावे सांगून आपण मोकळे होतो. ती चार नावे आम्हांलाही सांगायची आहेत. पण नावांबरोबर एक तक्रारही आहे, आणि ती ऐकणाऱ्या कानांपेक्षा बोलणाऱ्या तोंडांविषयी आहे.

पॉडकास्ट हा शब्द 2004 साली इंग्लंडच्या 'गार्डियन' वृत्तपत्रातल्या एका लेखात आला. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' यांची ती सोयरीक. शब्द नवा असला तरी पुढचा भाग ऐकण्यासाठी घराने गोळा होणे महाराष्ट्राला नवे नाही. 1 एप्रिल 1955 रोजी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभर, 56 गीतांपर्यंत चालले. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ही मंडळी आमच्या आधीच्या पिढीला सख्ख्या शेजाऱ्यांसारखी होती. तेव्हा वेळ केंद्राच्या हाती होती, आज ती ऐकणाऱ्याच्या हाती आहे, एवढाच फरक. 'एवढाच' म्हटले खरे, पण दुसराही एक आहे. त्याकडे पुढे येऊ.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाने सुरुवात उर्दूपासून करावी हे ओघानेच आले. 'द क्विंट'चा 'उर्दूनामा' हा पॉडकास्ट आम्ही बरेच दिवस नियमाने ऐकला. फबेहा सय्यद तो सादर करतात. एक शब्द घ्यायचा, त्याच्या अर्थाच्या छटा उलगडायच्या, निरनिराळ्या शायरांनी तो कसा वापरला ते सांगायचे, असा त्याचा ढंग. उच्चार स्वच्छ, घाई नाही, आणि ज्याला उर्दूचे एक अक्षर ठाऊक नाही तोही हरवत नाही. मराठी वाचकांपैकी ज्यांना गझल आवडते पण शब्दांपाशी अडखळायला होते, त्यांनी हा जरूर ऐकावा. गझल लिहू पाहणाऱ्या मराठी कवींनी तर ऐकावाच. उर्दू शब्द मराठी ओळीत नुसता शोभेसाठी आणून बसवण्याची खोड त्याने कमी होईल.

एकदा आम्ही त्यातला एक भाग सातवीच्या वर्गात लावला. मुले शांत बसून ऐकत होती. संपल्यावर एका मुलीने विचारले, "सर, इसमें अपनी वाली उर्दू कब आएगी?"

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आमची उर्दू म्हणजे कोणती? या मुलांना उर्दू भेटते ती बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतून. त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला जाविया, गुणाकाराला जर्ब, भागाकाराला तक्सीम. झाडाच्या पानात सूर्यप्रकाशाने अन्न तयार होते त्याला जियाई तालीफ. ही उर्दू फळ्यावर खडूने लिहिली जाते, चुकली की पुसली जाते, तिच्यात वैतरणा नदीचा उगम सांगावा लागतो आणि सरासरी काढावी लागते. पॉडकास्टांतली उर्दू मात्र कायम संध्याकाळची, मेणबत्तीच्या उजेडातली. तिच्यात विरह आहे, नजाकत आहे, तहजीब आहे. तिच्यात कोणी भागाकार करीत नाही. 'तक्सीम' हा शब्द तिथे आला तर तो 1947 चाच असणार. उर्दूला अत्तराच्या कुपीत ठेवणाऱ्यांचे प्रेम खोटे आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. परंतु कुपीतल्या वस्तूने पोट भरत नाही, आणि ज्या भाषेतून पोटापाण्याचे काही शिकता येत नाही अशी ज्या भाषेची ख्याती होते, तिच्या शाळेत नाव घालताना पालक दहा वेळा विचार करतो. पटाची चिंता ज्यांनी केली आहे त्यांना हे समजेल.

त्यातही घरची बोली आणखी वेगळी. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी 'नक्को' आहे, 'कायको' आहे, मधेच सरळ मराठी क्रियापद आहे आणि आठवड्याच्या बाजारात वारली, कोकणा गिऱ्हाइकांशी बोलून जिभेला बसलेला हेल आहे. ही भाषा पॉडकास्टात आम्हांला भेटते ती फक्त विनोदासाठी. हैदराबादी ढंगाने कोणी बोलले की श्रोत्याने हसायचे, असा अलिखित करार झालेला दिसतो. दखनीत गंभीरपणे काही सांगता येते, तिच्यात शतकांपूर्वी सूफींनी धर्म सांगितला, याची आठवण त्या हसण्यात बुडून जाते.

म्हणून उर्दू गद्य कसे ऐकावे, असे कोणी विचारले तर आम्ही पॉडकास्ट सोडून झिया मोहिउद्दीन यांच्या वाचनांकडे बोट दाखवतो. 1931 साली जन्मलेला हा नट इंग्लंडच्या रंगभूमीवर नावाजला, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त दिसला, आणि उत्तरायुष्यात लाहोर-कराचीत नुसते पुस्तक हातात धरून वाचू लागला. 13 फेब्रुवारी 2023 रोजी ते गेले. त्यांनी केलेले मुश्ताक अहमद यूसुफी यांच्या विनोदी गद्याचे वाचन ऐका, गालिबच्या पत्रांचे ऐका. आपण पत्रालाच संभाषण करून टाकले, असा गालिबचा दावा होता. तो खरा की खोटा हे डोळ्यांनी वाचताना ठरवता येत नाही, झियासाहेबांच्या तोंडून ऐकताना पटतो. त्या पत्रांत पेन्शन आहे, उधारी आहे, आंबे आहेत, पावसाने गळणारे छत आहे. म्हणजे उर्दूत गळणारे छतही मावते. आमच्या शाळेतल्या मुलांना हे ऐकून बरे वाटले, कारण छत गळणे हा विषय जव्हारच्या पावसाळ्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

याच ओघात दास्तानगोईचा उल्लेख करायला हवा. शम्सुर्रहमान फारुकी यांच्या अभ्यासाच्या आधारे महमूद फारुकी यांनी 2005 मध्ये ही कला पुन्हा रंगमंचावर आणली, आणि तिची मुद्रणे आता सहज ऐकायला मिळतात. दिल्लीचे मीर बाकर अली हे जुन्या परंपरेतले अखेरचे नामांकित दास्तानगो. ते 1928 मध्ये वारले. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणासाठी 1920 साली त्यांचा आवाज तबकडीवर घेतला गेला होता. काही मिनिटेच. रात्र-रात्र चालणाऱ्या दास्तानातली काही मिनिटे! खरखरीतून येणारा तो आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हा गोष्ट फारशी कळली नाही. पण माणूस समोर बसलेल्यांना सोडत नाही, एवढे कळले.

आता ज्या माणसावर स्वतंत्र लेख लिहायला हवा त्याच्याविषयी. अमीन सयानी 20 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत वारले तेव्हा सगळीकडे 'बिनाका गीतमाला'च्या आठवणी निघाल्या, आणि ते योग्यच होते. आकाशवाणीचे खाते सांभाळणारे बा. वि. केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, यांनी चित्रपटगीतांना दारे बंद केली आणि 3 डिसेंबर 1952 पासून हा कार्यक्रम रेडिओ सिलोनवरून सुरू झाला. देशाच्या आवडीची गाणी समुद्रापलीकडून ऐकावी लागली. 'बहनों और भाइयों' म्हणताना बहिणी आधी येत, हेही पुष्कळांनी लिहिले.

कमी लोकांनी लिहिले ते त्यांच्या आईविषयी. कुलसुम सयानी मुंबईत प्रौढशिक्षणाचे काम करीत. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी त्यांनी 1940 पासून 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवले, ते वीस वर्षे चालले. गांधीजींचा आग्रह सोप्या हिंदुस्तानीचा होता. 'रहबर' त्याच सोप्या हिंदुस्तानीत निघे आणि तीन लिप्यांत छापले जाई : नागरी, उर्दू आणि गुजराती. मुलगा लहानपणापासून आईच्या हाताखाली या कामात होता. ज्या भाषेने पुढे चार दशके गीतमालेचे श्रोते बांधून ठेवले, ती भाषा अशी नवसाक्षरांच्या पाक्षिकात घडली. जड शब्द आला की ती बाजूला ठेवी, कारण समोरचा वाचक काल अक्षरे शिकलेला होता.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला यात फार मोठी गोष्ट दिसते. एकच वाक्य तीन लिप्यांत छापावे लागते, कारण डोळ्यांना लिपी लागते. तेच वाक्य सयानींनी माइकवर उच्चारले की तिन्ही लिप्यांचे वाचक आणि ज्यांना एकही लिपी येत नाही तेही, एकदमच ऐकत. कानाला लिपी नसते. आज 'रेख्ता'च्या संकेतस्थळावर शेर उर्दूत, नागरीत आणि रोमनमध्ये वाचता येतो. संजीव सराफ यांनी 2013 मध्ये उभे केलेले हे काम मोठे आहे, आम्ही रोज त्याचा लाभ घेतो. पण 'रहबर'च्या तीन लिप्या मजुराला वर्तमानपत्रापर्यंत नेण्यासाठी होत्या, आणि 'रेख्ता'च्या तीन लिप्या रसिकाला शेरापर्यंत नेण्यासाठी आहेत. दुसऱ्या कामाने पहिल्याची जागा भरून निघत नाही. सयानींचा आवाज ज्यांना ऐकायचा आहे त्यांनी गीतमालेची जुनी मुद्रणे शोधावीत. 2017 मध्ये निघालेल्या 'सारेगामा'च्या 'कारवाँ' नावाच्या रेडिओसारख्या खोक्यात ती घातली होती. गाणी पुढे ढकलून नुसते बोलणे ऐकावे, अशी आमची अजब वाटणारी शिफारस आहे.

मघाशी दुसरा फरक म्हटला तो येथे सांगतो. आकाशवाणीची उर्दू सेवा 1965 साली सुरू झाली. तिच्या 'तामील-ए-इरशाद'सारख्या फर्माइशींच्या कार्यक्रमांत ऐकणाऱ्यांची आणि त्यांच्या गावांची नावे वाचली जात. विविध भारतीवर आणि सिलोनवर तर झुमरी तलैया हे झारखंडातले छोटे गाव नुसत्या फर्माइशींनी देशभर माहीत झाले. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर माणूस आपल्या गावाचे नाव हवेत पाठवू शकत होता. पॉडकास्टात ऐकणारा हा आकडा असतो. अमुक हजारांनी ऐकले, बस्स. ऐकणाऱ्याच्या गावाचे नाव बोलणाऱ्याच्या तोंडी येण्याची सोयच उरलेली नाही. खाली प्रतिक्रिया लिहिता येते असे आमचे एक सहकारी म्हणतात. लिहिता येते, पण ती कोणी वाचून दाखवीत नाही, आणि तिच्यासाठी पुन्हा लिपी लागते.

मराठीकडे वळतो. येथे पीक दांडगे आहे. 'अमुक तमुक', 'व्हायफळ', 'मित्रम्हणे', 'थिंक बँक' ही नावे आता घरोघरी झाली. 'अमुक तमुक'विषयी आम्हांला आदर आहे. मनाचे आजार, शरीर, नवरा-बायकोचे न जमणे हे विषय डॉक्टरांना समोर बसवून मराठीत, न लाजता बोलले जातात. आमच्या समाजात हे विषय एक तर मौलवींकडे जातात किंवा कोणाकडेच जात नाहीत. बायको आणि आम्ही यातले काही भाग एकत्र ऐकले. एखाद्या भागानंतर दोघेही गप्प बसलो, आणि दोन दिवसांनी त्यावर बोललो. एखाद्या पुस्तकाने एवढे केले असते तर आम्ही त्याला चांगले पुस्तक म्हटले असते.

तरीही या मराठी गप्पांचा पैस आखूड आहे. पुण्या-मुंबईची खोली, दोन-तीन मित्र, एक पाहुणा, दीड-दोन तास. पाहुणा बहुधा नट, गायक, उद्योजक किंवा डॉक्टर. वाक्य मराठीत सुरू होते, मधे इंग्रजीत जाऊन येते. मित्रांच्या गप्पा असल्याने मित्रांना ठाऊक असलेल्या गोष्टी सांगितल्या जात नाहीत, आणि बाहेरचा माणूस दाराशी उभा राहतो. एखादा भाग तासाभराने छाटला असता तर बरे झाले असते, असे आम्हांला नेहमी वाटते. शिक्षकाला पस्तीस मिनिटांत तास संपवायची सवय असते म्हणूनही असेल. आमच्या ऐकण्यात आलेल्या भागांत मुसलमान पाहुणा आला तर बहुतेक वेळा मुसलमान असण्याविषयीच बोलायला आला. शेती, विमा, क्रिकेट किंवा मुलांचे दात यांविषयी बोलायला आलेला आठवत नाही. शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, सगनभाऊंनी लावण्या केल्या, बार्शीच्या अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राची मैदाने हलली. त्यांना आधी ओळखपत्र दाखवा असे श्रोत्यांनी म्हटले नव्हते.

त्यापेक्षा बीबीसी मराठीचे पॉडकास्ट आमच्या शाळेच्या जास्त कामी आले. 'गोष्ट दुनियेची' हा त्यातला सर्वांत जमलेला. जगातला एक प्रश्न घ्यायचा, तीन-चार जाणकारांकडून तो पुढे न्यायचा आणि थांबायचे. तो मूळ इंग्रजीवर बेतलेला आहे, हे कधी कधी वाक्याच्या घडणीत जाणवते. पण बोलणे सरळ, आणि पाल्हाळ नाही. त्याचे पुष्कळ भाग आम्ही मोबाईलात साठवून ठेवले आहेत. नववी-दहावीच्या मुलांना मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकताना धडा वाचायचा कंटाळा येतो. तीच मुले पाण्यावरून देशादेशांत होणारी भांडणे मराठीतून ऐकताना हलत नाहीत. यात नवल नाही. मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या हद्दीत आहे, त्याचे पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. ज्यांच्या गप्पा आम्ही कानाला लावून ऐकतो ते आमच्याकडचे पाणी पिऊन बोलत असतात, हा विचार एस.टी.त हटकून येतो. थोडा क्षुद्र आहे, पण येतो.

आणि ज्या मुलखात बसून आम्ही हे सारे ऐकतो, तो मुलूख स्वतः काय बोलतो? जव्हार-मोखाडा हा ऐकीव वाङ्मयाचा प्रदेश आहे. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर देवचौक काढला जातो, त्यात पालघट देवी असते. ते चित्र आता जगभर गेले, त्याच्या पिशव्या आणि कप झाले. त्या चौकासमोर धवलेरी जी गाणी गाते, ज्यांच्याविना लग्न लागत नाही, ती बाहेर कोणी ऐकली? डोळ्यांना दिसले ते विकले गेले, कानाला ऐकू आले ते तिथेच राहिले. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 च्या प्रजासत्ताक दिनानिमित्त पद्मश्री जाहीर झाली. वय नव्वदीच्या पुढे, आयुष्य तारपा वाजवण्यात आणि घडवण्यात गेलेले. भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांतून ते वाद्य तयार होते. पुरस्काराच्या बातमीबरोबर चित्रफिती आल्या : मिनिटभर तारपा, मग निवेदकाचा आवाज, मग हार. तारपा श्वास न तोडता वाजतो, नाचणारे त्याच्याभोवती रात्र काढतात. तो मिनिटाच्या तुकड्यात ऐकवणे म्हणजे दास्तान तीन वाक्यांत उरकणे. एखाद्या पॉडकास्टवाल्याने नुसता माइक ठेवून, स्वतः गप्प राहून एक तास तारपा ऐकवला, तर तो भाग आम्ही सर्वांना पाठवू. मोखाड्याच्या बोहाड्याचेही तसेच. मुखवट्यांची छायाचित्रे पुष्कळ आहेत, आवाज नाही.

आणि आमचे घर? वारल्यांची गाणी कोणी ऐकवीत नाही म्हणताना आमच्याकडच्या नानी-दादींचे आम्ही काय केले, हे कोणी विचारलेले नाही, पण विचारायला हवे. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ 1990 च्या सोलापूर संमेलनापासून लिहिण्यावर उभी राहिली. ज्या बायांना लिहिता येत नव्हते त्यांचे त्या चळवळीत काय आले, याचा हिशेब कमी पडतो. पॉडकास्टला छापखाना लागत नाही, लिपीही लागत नाही. आमच्यापाशी तरी बहाणा उरलेला नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही वर्गाला सांगितले : घरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बोलते करा आणि मोबाईलवर घेऊन या. बहुतेक मुलांनी टाळले. काहींनी आणले त्यात टीव्हीचाच आवाज होता. 'अपनी वाली उर्दू' विचारणाऱ्या त्या मुलीने नानीची सात मिनिटे आणली. नानीने लग्नानंतर पहिल्यांदा घाट चढून जव्हारला येतानाचा पाऊस सांगितला आहे. भिजलेली संदूक, वाटेत चहा पाजणारी एक वारली बाई, सासरच्या दारात गाळलेले बुरख्याचे पाणी. मधे कोंबड्या ओरडतात. नानी एका वाक्यात उर्दू, पुढच्यात मराठी बोलते, आणि ती बाई काय म्हणाली ते सांगताना चक्क वारलीत बोलते, आवाज बदलून. वर्ग दोनदा हसला, मग गप्प झाला.

आम्ही तिला म्हटले, याला नाव दे, म्हणजे जपून ठेवता येईल. तिने विचारले, "कौन से अक्षर में लिखूँ, सर?" आम्ही उद्या सांगतो म्हटले. मोबाईलने आपल्या मनाने त्याला 'रेकॉर्डिंग 14' असे नाव दिले होते. अजून तेच आहे.